चंबळेची सहल आणि काही पथ्ये

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला चंबळ नवी नाही. १७६० साली भाऊसाहेबांची फौज हीच नदी ओलांडून उत्तरेस गेली. पुढील पिढ्यांच्या कानी तिचे नाव आले ते बहुधा बीहडांतल्या डाकूंच्या कथांतून. त्यामुळे बिर्लानगरहून सुमारे दीड तासाच्या वाटेवर असलेली ही निर्मळ नदी आपल्यापैकी अनेकांनी आग्र्यास जाताना खिडकीतूनच काय ती पाहिली. मंडळाच्या कौटुंबिक सहलीसाठी चंबळेचे नाव निघाले, तेव्हा मला आनंद झाला. दिवस मात्र एप्रिलमधला, परीक्षा संपल्यानंतरचा सुचवला गेला. त्यास मी विरोध केला. त्यामागे माझीच एक जुनी चूक आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी अशाच एका एप्रिलमध्ये आम्ही डबे घेऊन नदीकाठी गेलो होतो. मऊ वाळू पाहून मी मुलीला मोकळे सोडले. ती खड्डा खणू लागली, तोच एक वृद्ध नावाडी धावत आला. ‘डॉक्टर साहब, बिटिया को हटाइए, यहाँ अंडे हैं.’ घडियाल, म्हणजे आपली सुसर, मार्च-एप्रिलमध्ये वाळूत खड्डा करून अंडी घालते. सुमारे दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर पिले बाहेर येतात. आम्ही सतरंजी अंथरली होती ती एका सूतिकागृहात!

या पिलांचा बालमृत्युदर कोणत्याही बालरोगतज्ज्ञाची झोप उडवील असा आहे. पहिल्या पुरातच बहुतेक दगावतात. म्हणून मुरैनाजवळच्या देवरी केंद्रात नदीकाठची काही अंडी आणून उबवतात आणि पिले सुमारे तीन वर्षे वाढवून नदीत सोडतात. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तीन राज्यांत पसरलेले चंबळ अभयारण्य १९७०च्या दशकाच्या अखेरीस अस्तित्वात आले, तेही मुख्यतः या प्राण्यासाठीच. तरीही २००७-०८च्या हिवाळ्यात इटावाकडील पट्ट्यात शंभराहून अधिक घडियाल मेले. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी झालेली व अवयवांवर यूरिक आम्लाचे थर आढळले. मूळ कारण निर्विवाद सिद्ध झाले नाही. संशय यमुनेतील माशांवाटे आलेल्या विषारी द्रव्यांवर होता. एका नदीतील घाण दुसरीतील जीवांस भोवू शकते, हे आपण वैद्यकांनी तरी विसरू नये.

म्हणून माझी सूचना जानेवारीतील रविवारची आहे. त्या दिवसांत ऊन खाण्यासाठी घडियाल काठावर येतात, स्थलांतरित पक्षी असतात, आणि मुलांना उष्माघाताचे भय नसते. पहाटे निघण्याचा आग्रह मात्र नको. महामार्गावर दाट धुके असते, आणि दम्याच्या मुलांना ती थंड हवा बाधते. धुके विरल्यावर निघावे. घडियालही ऊन चढल्यावरच बाहेर येतात, त्यामुळे काही हुकणार नाही. आधी देवरी, मग नदी, असा क्रम ठेवावा. नौका वनखात्याच्या परवानगीचीच घ्यावी, आणि प्रत्येक बालकास त्याच्या मापाचे जीवरक्षक जाकीट मिळेल याची खात्री आदल्या आठवड्यातच करावी. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते. पाण्यात कोणीही उतरू नये. अरुंद जबड्याचा घडियाल मासेखाऊ आहे, पण त्याच पाण्यात मगरही राहते. ध्वनिक्षेपक घरी ठेवावा; प्लॅस्टिक नेले तेवढे परत आणावे.

नवजात अर्भक पाहावयास येणाऱ्या नातेवाइकांना आपण काय सांगतो? गर्दी नको, गोंगाट नको, दुरून पाहा, हात लावू नका. चंबळेची पथ्ये याहून वेगळी नाहीत.

माझी मुलगी आता स्वतः आई झाली आहे. सहलीचे सूचनापत्रक मी तिच्याकडूनच लिहवून घेतले. तिची पहिली सूचना अशी: ‘ऋतू कोणताही असो, वाळवंटात मुलांना खड्डे खणू देऊ नयेत.’