वाढत्या वयाचं मन – लेखांक ७ : दहावीच्या वर्षातलं मैदान

गेल्या आठवड्यात आपण झोपेविषयी वाचलं. आजचा विषय तिच्याशीच जोडलेला आहे: मुलांनी घराबाहेर, उघड्यावर घालवायचा वेळ.

आपल्याकडे नववीची वार्षिक परीक्षा संपली की बहुतेकांचं मैदान सुटतं. मे महिन्यातच दहावीचे जादा वर्ग लागतात आणि पुढे शाळेतला पीटीचा तास गणिताला जातो, कारण पोर्शन राहिलेला असतो. यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण ज्या वर्षी मनावर सगळ्यात जास्त ताण, त्याच वर्षी तो हलका करणारी गोष्ट काढून घ्यायची, हे मला मुळीच पटत नाही.

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ च्या जगभरच्या आकडेवारीनुसार ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलामुलींपैकी ८१ टक्के एवढी हालचाल करत नव्हते.

मग घरातच दोरीच्या उड्या मारल्या तर? जरूर माराव्यात. पण बाहेर पडल्यावर आणखीही काही घडतं. किशोरवयात शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. सकाळचं ऊन ते घड्याळ वेळेवर आणायला मदत करतं. दुसरं म्हणजे, तेच तेच विचार डोक्यात घोळत राहणं कमी होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये काही जणांना ९० मिनिटं झाडागवतातून चालायला लावलं आणि काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. पहिल्या गटाचं मन कुढण्यातून थोडं सुटलं, दुसऱ्याचं नाही. प्रयोग लहान होता आणि त्यातली माणसं प्रौढ होती, हे लक्षात ठेवायला हवं. तरी मुलांबरोबर काम करताना मला जे दिसतं, त्याच्याशी तो जुळतो.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते तिसरंच. दहावीतल्या मुलाला समोर बसवून ‘काय झालं, सांग’ म्हटलं की उत्तर येतं, ‘काही नाही.’ तोच मुलगा अतकरवाडीहून सिंहगड चढताना सगळ्यांच्या मागे रेंगाळतो आणि गटाच्या शेवटी चालणाऱ्या सरांशी बोलू लागतो. नजर पायाखालच्या दगडांवर असते, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. धाप लागली की गप्प होता येतं आणि ते गप्प होणं कुणाला खटकत नाही. वाटेत ताक प्यायला टेकलं की चाचणीतले मार्क निघतात, घरातली भांडणं निघतात. म्हणून शाळांना माझं सांगणं असतं की सहलीत चपळ शिक्षक पुढे असू द्या, पण ज्यांच्याशी मुलं मोकळी होतात त्यांना मागे ठेवा.

मात्र मैदान आपोआप मनाला बरं करत नाही. शिक्षा म्हणून मारायला लावलेल्या फेऱ्यांनी उलटंच होतं. संघ निवडताना दर वेळी शेवटी उरणाऱ्या मुलासाठी तो तास अपमानाचाच असतो. मुलींचा प्रश्न तर आपण बघतच नाही. वरच्याच आकडेवारीत पुरेशी हालचाल न करणारे मुलगे ७८ टक्के, तर मुली ८५ टक्के होत्या. पिन लावलेली ओढणी सावरत धावायचं कसं? पाळीच्या दिवसांत मैदानाजवळ स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल, तर ती मुलगी वर्गातच बसून राहणार. तिला ‘आळशी’ म्हणण्याआधी नळाला पाणी आहे का, ते बघा.

आणखी एक. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या किंवा मूल जिवाचं बरंवाईट करण्याविषयी बोललं, तर ‘जरा खेळायला जा’ एवढ्यावर थांबू नका. डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बाकी सुरुवात शनिवारपासून करता येईल. त्या दिवशी बऱ्याच शाळा सकाळच्या असतात. शेवटचे दोन तास दहावीच्या मुलांना जवळच्या टेकडीवर, नदीकाठी, नाहीतर शाळेच्याच पटांगणावर न्या. पुस्तक नको, गुण नकोत, नंतर निबंधही नको. प्रिलिमच्या आठवड्यातसुद्धा हे तास रद्द करू नका.