आल्बमांत कोण राहून गेलें?

कार्य निर्विघ्न पार पडलें, मांडववाल्याचे व आचाऱ्याचे पैसे चुकते झाले, पाहुणेमंडळी आपापल्या गांवीं परतली, म्हणजे लग्न आटोपलें असें यजमानास वाटतें. परंतु आणखी एक काम उरलेलें असतें, व तें आमंत्रणाच्या याद्या करण्याइतकेंच नाजूक असतें. तें म्हणजे आल्बमासाठीं छायाचित्रें निवडणें.

आमच्या पुतणीच्या लग्नाचीं १,८०० छायाचित्रें छायाचित्रकारानें आणून दिलीं. आल्बमाचीं पानें ४०. चित्रें मावणार फार तर दीडशें. पूर्वीं ही अडचण नव्हती. १२० क्रमांकाच्या फिल्मवर मोठीं चौरस चित्रें अवघीं १२ निघत. त्यामुळें कळ दाबण्यापूर्वींच निवड होत असे. आतां ती यजमानाच्या गळ्यांत पडली आहे.

दिवाणखान्यांत सारें घर जमलें. प्रत्येक जण प्रथम स्वतःस शोधूं लागला! तेव्हां आम्हीं मास्तरकीच्या संवयीनें तीन नियम घालून दिले. पहिला नियम, क्रम विधींचा असावा: सीमांतपूजन, पुण्याहवाचन, गौरीहर, अंतरपाट, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी. व्यासपीठावरील अभिनंदनाचीं चित्रें शेंकड्यांनीं होतीं. सप्तपदीचीं अवघीं चार. वास्तविक १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याचें ७ वें कलम असें सांगतें कीं, ज्या विवाहविधींत सप्तपदी येते, तेथें वधूवरांनीं अग्नीसमोर सातवें पाऊल टाकतांच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. तेव्हां तें पाऊल आल्बमांत असलेंच पाहिजे. दुसरा नियम, ज्या चित्रानें कोणास कमीपणा येईल तें गाळावें. तिसरा, प्रत्येक चित्राखालीं नांवें व तारीख लिहावी. पन्नास वर्षांनीं चेहरे ओळखणारें घरांत कोणी उरत नाहीं.

दुसऱ्या नियमास आधार भवभूतीचा. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकांत लक्ष्मण राम-सीतेस त्यांच्याच पूर्वचरित्राचीं चित्रें दाखवितो. मंथरेचें चित्र येतांच राम उत्तर न देतां पुढल्या चित्राकडे वळतो. कैकेयीचा प्रसंग उकरून काढणें त्यास नको असतें. मानपानावरून रुसलेल्या एका आप्तांचें चित्र आम्हींही असेंच ओलांडलें.

त्याच अंकांत आणखी एक गोष्ट आहे. तिचें स्मरण मात्र आम्हांस वेळीं झालें नाहीं. मिथिलेंतील विवाहाचें चित्र दाखवितांना लक्ष्मण सीता, मांडवी व श्रुतकीर्ति ह्यांचीं नांवें घेतो आणि संकोचानें आपल्या ऊर्मिलेस वगळतो. तेव्हां, ही राहिलेली कोण, असें सीता त्यास थट्टेनें विचारते.

निवड संपत आली तेव्हां पुतणीनें विचारलें, "काका, ह्यांत आई कुठें आहे?"

कोणी बोलेना. आमचे ज्येष्ठ बंधु हयात नाहींत. कन्यादानास आम्ही सपत्नीक बसलों होतों, आणि "माझें तिथें काय काम?" असें म्हणून वहिनी कोठीघर सांभाळीत राहिल्या. चार बुकें संस्कृत शिकलेल्या आम्हीं त्यांस "पुढें या" असें एका शब्दानेंही म्हटलें नाहीं. दोष रूढीवर ढकलणें सोपें आहे; पण त्या दिवशीं यजमान आम्हीच होतों.

सारीं १,८०० चित्रें पुन्हां पाहिलीं. वहिनी एकाच चित्रांत सांपडल्या, आणि तेंही छायाचित्रकारानें सदोष म्हणून बाजूस काढलेल्यांपैकीं होतें. मंगलाष्टकें चाललीं असतां त्या कोठीच्या दाराशीं उभ्या आहेत. एका हातांत किल्ल्यांचा जुडगा, दुसरी मूठ मिटलेली, तींत अक्षता असाव्यात. वाढप्याच्या खांद्यानें अर्धा चेहरा झांकला आहे.

मोठें केल्यास हें चित्र शोभणार नाहीं, असें छायाचित्रकार म्हणाला. पुतणीनें त्यास कन्यादानासमोरचें संपूर्ण पान दिलें. आल्बम बांधून आला तेव्हां वहिनी त्या पानाशीं बराच वेळ थांबल्या व म्हणाल्या, "भावजी, आधीं सांगितलें असतेंत, तर पैठणी नेसलें असतें." ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

म्हणून वाचकांस आम्ही चौथा नियम सांगतों. चित्रें निवडावयास बसण्यापूर्वीं कार्यांत राबलेल्या माणसांची यादी करावी, व प्रत्येकाचें एक तरी चित्र आहे कीं नाहीं तें पाहावें. त्याहून बरें, ही यादी लग्नापूर्वींच छायाचित्रकाराच्या हातीं द्यावी. आणि यादींतलें एखादें माणूस दाराआड उभें असेल, तर त्यास बोलावून मांडवांत आणणें हें काम यजमानाचें आहे, छायाचित्रकाराचें नव्हे.

वहिनींच्या धाकट्या कन्येचें कार्य येत्या मार्गशीर्षांत आहे. पैठणी काढून ठेवण्यास आम्हीं त्यांस आतांच सांगितलें आहे.