वर्तुळ तोडायचं, पण नेमकं कुठे?

ऑटोकॅडमध्ये वर्तुळ तोडणं म्हणजे दोन क्लिकचं काम, असं मला वाटायचं. मग कॅमची शीट आली. बेस सर्कलची (मराठी शब्द विचारू नका, मी कॉन्व्हेंटवाली) त्रिज्या ४० मि.मी. आणि ० ते ६० अंश ड्वेल. तेवढाच चाप ठेवायचा, बाकीचा काढायचा. ब्रेक कमांड घेतली, अंदाजाने क्लिक केलं. स्क्रीनवर झकास दिसत होतं. सरांनी कोन मोजला: ५८! या त्रिज्येवर एक अंश म्हणजे सुमारे ०.७ मि.मी. फॉलोअर दोन अंश आधीच उचलला जाणार. शीट परत.

खरी गोम अशी की ब्रेक कोन विचारतच नाही, त्याला बिंदू लागतात. म्हणून कोन आधी रेषेत उतरवायचा. केंद्रापासून एक लाइन @६०<६०, दुसरी @६०<०. मग ब्रेक घ्या, वर्तुळ निवडा आणि आठवणीने एफ दाबा. नाहीतर निवडताना जिथे क्लिक केलंत तोच पहिला बिंदू धरला जातो. माझं घोडं तिथेच अडलं होतं. आता इंटरसेक्शन स्नॅपने आधी ६० अंशांचा बिंदू, मग शून्याचा. क्रम उलटा झाला तर ड्वेलच गायब, कारण पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत घड्याळाच्या उलट दिशेचा भाग पुसला जातो. (तेही करून झालंय!)

तुकडा न काढता चाप नुसता दुभंगायचा असेल, तर दुसऱ्या बिंदूसाठी @ टाइप करा. पूर्ण वर्तुळावर मात्र हे चालत नाही.

दुसऱ्या खेपेला कोन ६० आला. सरांनी सही केली आणि लगेच विचारलं, "राइजचा कर्व्ह कुठला घेतलास?"