मुलांचा भ्रमणध्वनी : दारावरचा पहारा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत अनोळखी माणूस दारात उभा राहिला, तर ‘कोण पाहिजे?’ असे शेजारीही विचारतात. मुलांच्या हाती आलेल्या भ्रमणध्वनीवर मात्र असा पहारा आपोआप नसतो. तो बसवावा लागतो.

२०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि व्हॉट्सॲपच्या गटांतून अभ्यास घरोघरी येऊ लागला. शाळा सुरू झाल्यावरही ही पद्धत टिकून राहिली. साध्या गटात प्रत्येक सदस्याला इतरांचे क्रमांक दिसतात. त्यामुळे मुलाचा क्रमांक, छायाचित्र व इयत्ता अपरिचिताच्या हाती पडू शकते.

पालकांनी काय करावे?

‘सेटिंग्ज’मधील ‘गोपनीयता’ हा भाग मुलासोबत बसून उघडावा. प्रोफाइल फोटो व स्वतःविषयीची माहिती ‘माझे संपर्क’ एवढ्यांपुरतीच ठेवावी. गटांबाबतही हीच निवड केल्यास अपरिचित व्यक्ती मुलाला परस्पर गटात ओढू शकत नाही. तिला निमंत्रण पाठवावे लागते. अनोळखी क्रमांकांवरून येणारे कॉल मूक करण्याची सोयही आहे.

तथापि, या उपायांना मर्यादा आहे. ऑनलाइन खेळातून ओळख झालेल्याचा क्रमांक मुलाने जतन केला, की तो ‘संपर्क’ ठरतो आणि कुंपण निरुपयोगी होते. म्हणून जतन केलेले क्रमांक अधूनमधून मुलासह पाहावेत.

शिक्षक व पंचायत सदस्यांची जबाबदारी

सूचना देण्यासाठी ब्रॉडकास्ट यादी वापरावी. तीत एकाचा क्रमांक दुसऱ्याला दिसत नाही. मात्र पालकांनी शिक्षकांचा क्रमांक जतन केलेला असणे आवश्यक आहे. गावाच्या गटात मुलांची छायाचित्रे नाव व शाळेसह टाकू नयेत.

गैरप्रकार घडल्यास

मुलाला रागावू नये. रागाच्या भयाने मूल गप्प बसते आणि त्रास देणाऱ्याचे फावते. क्रमांक ब्लॉक करण्यापूर्वी संदेश जपून ठेवावेत, ते इतरांना पाठवू नयेत. चाइल्डलाइन १०९८ वर मदत मिळते; सायबर गुन्ह्याची तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदविता येते. लैंगिक हेतूने बालकाशी वारंवार ऑनलाइन संपर्क साधणे हा २०१२ च्या पोक्सो कायद्यान्वये गुन्हा आहे. अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळविणे कायद्याने बंधनकारक आहे.

यंत्रातील पहारा उपयुक्त खराच. परंतु घडले ते घरी निर्भयपणे सांगता येईल, हा मुलाचा विश्वास त्याहून मोलाचा होय.