रामजन्माचा पाळणा आणि घरचे बारसे

चैत्र शुद्ध नवमीस माध्यान्ही राममंदिरात पाळणा हलतो, सुंठवड्याचा प्रसाद वाटला जातो. या पाळण्यापाठोपाठ येणारा मंगल सोहळा म्हणजे नामकरण. अकरा दिवस लोटल्यावर कुलगुरू वसिष्ठांनी दशरथाच्या चारही पुत्रांची नावे ठेवली, असे वाल्मीकी बालकांडात सांगतात. पाठोपाठ राजाने ब्राह्मणांना, तसेच नगरातील व खेड्यापाड्यांतील प्रजेला भोजन दिल्याचेही ते नमूद करतात.

सोळा संस्कारांतील हा संस्कार मराठी घरात बाराव्या दिवशी होतो, म्हणून ते बारसे. ताटात तांदूळ पसरून पिता सोन्याच्या अंगठीने नाव लिहितो. सुवासिनी बाळाला पाळण्याखालून-वरून एकमेकींच्या हाती देतात, आत्या कानात नाव सांगते आणि घुगऱ्या वाटल्या जातात. आत्याचा हा मान लहान नव्हे. सासरी गेलेली लेक त्या दिवशी माहेरच्या अंकुराला नाव देते.

हल्ली सोयीनुसार बारसे उशिरा, सभागृहात होते. शुभ दिवस पाहण्याची मुभा शास्त्रानेही दिली आहे. मात्र निमंत्रितांच्या पंगतीत दारचा गरीब विसरू नये. दशरथाने प्रजेलाही पान मांडले होते. बाळाच्या नावाला आशीर्वाद हवा तो सर्वांच्या मुखाचा.