डिजिटल डिले : नॉब फिरवताना ध्वनीचे काय होते?
डिजिटल डिलेमध्ये ध्वनीचे नमुने वर्तुळाकार बफरमध्ये, म्हणजे शेवट गाठताच पुन्हा आरंभापासून लिहिल्या जाणाऱ्या स्मृतिखंडात साठवले जातात आणि लेखनस्थानाच्या जितके मागून वाचन होते तितका विलंब ऐकू येतो. सेकंदाला 48,000 नमुने असल्यास 500 मिलिसेकंदांसाठी हे अंतर 24,000 नमुन्यांचे भरते. नॉब फिरवताच हे अंतर एकदम बदलले, तर ध्वनिलहर मध्येच तुटून खटका उमटतो, म्हणून नॉबचे मूल्य लो-पास फिल्टरने सौम्य करत हळूहळू नव्या मूल्याकडे नेले जाते आणि वाचनस्थान दोन नमुन्यांच्या मध्ये पडले, की अंतर्वेशनाने, म्हणजे शेजारच्या नमुन्यांवरून, मधले मूल्य काढले जाते. या सरकण्यात विलंब वाढताना स्वर उतरतो आणि घटताना चढतो. टेप-एकोची आठवण देणारा हा मनोहर परिणाम नको असल्यास जुन्या वाचनस्थानाचा आवाज मंद करत नव्याचा वाढवणे, म्हणजेच क्रॉसफेड, उपयोगी पडते.