सांडपाण्यातला विषाणू : सापडणे आणि मोजणे

शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मित्राच्या एका पायाला पोलिओमुळे लोखंडी पट्ट्या होत्या. तो जिना चढू लागला की त्या वाजत. पोलिओविषयी मी पुढे जे वाचत गेलो, त्याचे मूळ त्या आवाजात आहे. मी प्रयोगशाळेत काम केलेले नाही. शोधनिबंध वाचता वाचता जे उमगले, ते येथे मांडतो.

पोलिओची लागण झालेल्या सुमारे २०० जणांत एखाद्यालाच कायमचे लुळेपण येते. बाकीची मुले हसतखेळत असतात आणि त्यांच्या विष्ठेतून कित्येक आठवडे विषाणू बाहेर पडत राहतो. पहिला लुळा पाय दिसेपर्यंत तो वस्तीभर फिरलेला असतो. त्याला आधी गाठायचे तर गटारातच शोधले पाहिजे.

मुंबईत २००१ साली तेच झाले. तीन झोपडपट्ट्यांतील सांडपाणी दर आठवड्याला तपासले गेले. १३७ नमुन्यांपैकी ३५ नमुन्यांत पहिल्या प्रकारचा आणि एकात तिसऱ्या प्रकारचा वन्य पोलिओ विषाणू सापडला. त्या वर्षी शहरात पोलिओचा रुग्ण नोंदला गेला फक्त एक. आणि त्याच्या तीन महिने आधीच विषाणू सांडपाण्यात दिसला होता. त्याचा जनुकीय क्रम मुंबईच्या जुन्या रुग्णांतील विषाणूंशी नव्हे, तर उत्तर प्रदेशातील विषाणूंशी जुळला. म्हणजे ज्या वस्त्यांकडे बोट दाखवले जाई, त्या विषाणूचे उगमस्थान नव्हत्या.

हे शोधतात कसे? लिटरभर पाण्यात विषाणू मूठभरच असतील, म्हणून आधी पाणी आटवल्यासारखे करावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत अर्धा लिटर सांडपाण्यात पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि डेक्स्ट्रॅन मिसळून ते रात्रभर थंडीत ठेवतात. सकाळी तेल-पाण्यासारखे दोन थर दिसतात. विषाणू खालच्या छोट्या थरात आणि दोन थरांच्या सीमेवर गोळा होतात. मग क्लोरोफॉर्म घालतात. त्याने जिवाणू मरतात. पोलिओ विषाणूवर मेदाचे आवरण नसल्याने तो टिकतो.

उरलेला अर्क जिवंत पेशींवर सोडतात. त्यासाठी ‘एल-२०-बी’ नावाच्या उंदराच्या पेशी वापरतात. माणसाच्या पेशीवर पोलिओ विषाणू ज्या कडीला धरून आत शिरतो, ती कडी या पेशींवर मुद्दाम बसवलेली आहे. आतड्यातल्या इतर बहुतेक विषाणूंना येथे शिरकाव नाही. पेशी गोल होऊन काचेवरून सुटू लागल्या, की आत कोणीतरी आहे हे कळते.

हे झाले सापडणे. मोजणे वेगळे. रेनातो डल्बेको यांनी १९५२ मध्ये प्राण्यांच्या विषाणूंसाठी मोजणीची सोपी युक्ती दिली : पेशींच्या थरावर अगारचा पातळ लेप दिला, की प्रत्येक जिवंत विषाणू आपल्याभोवतीच्या पेशी मारून एक स्वच्छ ठिपका पाडतो. ठिपके मोजायचे आणि नमुना जितका पातळ केला तितक्या पटीने गुणायचे. पीसीआर मात्र विषाणू नव्हे, त्याच्या जनुकाचे तुकडे मोजते. प्रत्येक फेरीत तुकडे जवळपास दुप्पट होतात. दहा फेऱ्यांत सुमारे हजारपट. जितक्या कमी फेऱ्यांत खूण उमटते, तितके तुकडे मुळात जास्त. पण मेलेल्या विषाणूचा तुकडाही त्यात धरला जातो. म्हणून दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणे चूक.

आणखी एक पेच आहे. सांडपाण्यातील काही द्रव्ये पीसीआरची क्रियाच अडवतात. विषाणू असूनही उत्तर शून्य येते. त्यासाठी दुसरा एखादा निरुपद्रवी विषाणू ठरावीक संख्येने नमुन्यात घालतात. शंभर घातले आणि वीसच परत मिळाले, तर आपली पद्धत किती गमावते ते कळते. पावसाने पाणी पातळ झाले का, हे पाहायला ढोबळ्या मिरचीवरचा एक विषाणू मोजतात. तो आपल्या जेवणातून विष्ठेत उतरतो. तो घटला तर पाणी वाढले असे समजावे.

मुंबईच्या सांडपाण्यात वन्य पोलिओ विषाणू शेवटचा सापडला नोव्हेंबर २०१० मध्ये. देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ चा. मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. त्यानंतरही नमुने तपासले जातात आणि उत्तर ‘नाही’ असे येते. ती ‘नाही’ विश्वासाची ठरते, कारण असता तर सापडला असता, हे दर वेळी तपासून घेतलेले असते. माझ्या मित्राच्या लहानपणी असे विचारणारे कोणी नव्हते.